आजी, ड्रॅक्युला आणि आमची लिफ्ट: जुन्या हॉरर चॅनलचा रिव्ह्यू

तक्रार अजून चालू आहे म्हणून चॅनलचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेलच. फक्त जुने हॉरर पिक्चर लावतात, महिना ६० रुपये. बाबा भक्तीचा पॅक घ्यायला गेले आणि चुकून हे ॲक्टिव्हेट करून बसले, आता काढायचं म्हटलं की घरात कोणीच तयार नाही.

सगळ्यात भारी म्हणजे रात्री ११ चा ब्लॅक अँड व्हाइट स्लॉट. परवा १९३१ चा ड्रॅक्युला होता. त्याला सुरुवातीची नावं संपली की बॅकग्राउंड म्युझिक जवळजवळ नाहीच, नुसती शांतता, आपल्याच फॅनचा आवाज ऐकू येतो. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी जिन्यावर मेणबत्ती घेऊन उभा, कोणी काही बोलत नाही, आणि तेवढ्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या लिफ्टमधून त्या बाईचा आवाज, "कृपया दरवाजा बंद करा". आई सोफ्यावरून उडालीच. आजी मात्र चष्मा पुसत म्हणते, "एवढा नटूनथटून कुठं निघालाय मेला?" म्हटलं आजी, तो मेलेलाच आहे गं.

आता वैताग सांगतो. त्याच शांततेत जाहिरात येते ती दुप्पट आवाजात, बनियनची. रिमोट हातातच धरून बसावं लागतं. पिक्चर सव्वा तासाचा, संपायला दोन तास. दुसरं म्हणजे जुना चौकोनी पिक्चर ताणून पूर्ण स्क्रीनभर करतात, त्यामुळे फ्रँकेन्स्टाइनमधला राक्षस भोपळ्यासारखा दिसतो, एवढा तासन् तास बसून केलेला मेकअप आणि ही गत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ करून बघा, आमच्याकडे चेहरा परत लांबट झाला.

पण खरा राग वेगळाच आहे. फ्रँकेन्स्टाइनच्या सुरुवातीच्या नावांमध्ये राक्षसापुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय, आणि बोरिस कार्लॉफ हे नाव पहिल्यांदा येतं ते थेट शेवटच्या पाटीवर. एवढी गंमत त्या लोकांनी करून ठेवली आणि हे चॅनलवाले नेमकी तीच पाटी कोपऱ्यात काडेपेटीएवढी करून बाकीच्या स्क्रीनवर उद्याचा प्रोमो लावतात! कस्टमर केअरला फोन केला तर मुलगी म्हणाली, "सर, सेट टॉप बॉक्स रिस्टार्ट करून बघा."

शनिवारी रामसे बंधूंचे हिंदी भुताचे पिक्चर लागतात. पुराना मंदिर (१९८४) मी लहानपणी मामाच्या घरी व्हीसीआरवर उशीच्या आडून बघितला होता, आता जगदीपचा मच्छरसिंग आला की चहा टाकून येतो, फार ताणलाय तो भाग. पण सामरीची, म्हणजे त्यातल्या राक्षसाची, एंट्री झाली की अजून पाय वर घेतो, खोटं का बोला. सामरी झालेला नट शिकलेला इंजिनियर आहे हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग नोकरी नसेल मिळाली." (बाबा स्वतः इंजिनियर.)

यूट्यूबवर यातलं बरंच फुकट सापडतं, माहितीये. पण तिथे मी दर पाच मिनिटांनी पुढे ढकलतो, इथे ढकलता येत नाही. पाचपैकी साडेतीन, जाहिरातींचा आवाज कमी केला तर चार. आजीला विचाराल तर पाच, ती दुपारचं रिपीटही बघते, आणि पुढच्या महिन्याचं रिचार्ज तिच्याच पेन्शनमधून झालंय.