वीस-पन्नास ऑइल: खान्देशातल्या जुन्या गाडीला कितपत मानवतं?

जळगाव-भुसावळकडे ऑइलच्या दुकानात "दहा-बारा वर्षांची पेट्रोल गाडी आहे" एवढं म्हटलं, की काउंटरवर बहुतेक वेळा २०डब्ल्यू-५० मिनरलचा (सिंथेटिक नसलेल्या साध्या ऑइलचा) डबा येतो. कारणही ठरलेलं: "आपल्याकडे ऊन किती! पातळ ऑइल टिकणार नाही." ऑइल आपल्या जागी ठीक आहे, कारण मात्र चुकीचं.

बाहेर ४५ अंश असोत की १० अंश, थर्मोस्टॅट आणि फॅन ठीक असतील तर इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपासच राहतं. डब्यावरचा पहिला, डब्ल्यूचा आकडा थंड इंजिनासाठी; दुसरा १०० अंशांवरच मोजलेला असतो. तिथे ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं माप), ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे ३० मागणाऱ्या इंजिनात ५० ओतलं की जाडी दुपटीच्या घरात जाते. सकाळच्या पहिल्या सेल्फला ते वर हेडपर्यंत (इंजिनाच्या माथ्यापर्यंत) चढायला वेळ घेतं, ॲव्हरेजही थोडं पडतं. कन्नडचा किंवा तोरणमाळचा घाट भरगच्च गाडीने, एसी लावून चढायचा तर ऑइल ११०-१२० पर्यंत तापतं. पण त्यालाही ४० पुरतं.

मग वीस-पन्नास कधी? मॅन्युअलमध्ये तो ग्रेड दिलेला असेल तेव्हा. किंवा गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, लेव्हल आणि प्रेशर स्विच दोन्ही बरोबर आहेत, आणि १५डब्ल्यू-४० टाकूनही फरक नाही तेव्हा. एकदम दोन पायऱ्या चढू नका. गाडी ऑइल खात असेल तर आधी धूर बघा. सकाळी स्टार्ट करताच निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, आणि ते काम हेड न उतरवताही होऊ शकतं. चढावर दाबल्यावर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. जाड ऑइलने तो धूर जरा दबतो इतकंच. गाडी विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

जुन्या स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टातल्या १.३ मल्टिजेट डिझेलला मात्र वीस-पन्नास अजिबात नको. तिथला टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या प्रेशरवर चालतो. सकाळी प्रेशर उशिरा आलं की चेन खडखडते. त्याला ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०.

पेट्रोलसाठी डब्यावर एपीआय (ऑइलच्या दर्जाची खूण) एसएन किंवा एसपी असावं. एसएफ लिहिलेला स्वस्त डबा १९८८ पर्यंतच्या इंजिनांचा, तो मागे सरकवा.

नुकतीच घेतलेली जुनी गाडी असेल तर मालकाचं "आत्ताच बदललंय" मनावर घेऊ नका. इंजिन गरम असताना ऑइल काढा, फिल्टर नवा, ड्रेन नटाचा वॉशरही नवा. आतून काळा थर दिसला तरी फ्लश (इंजिन आतून धुणारं रसायन) टाळा: सुटलेला गाळ चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या, जाळीत अडकला की पंप उपाशी राहतो. त्यापेक्षा साधं १५डब्ल्यू-४० भरून १,५०० किलोमीटरला पुन्हा बदला, मग मिनरल दर ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी. सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा. दोन खुणांच्या वरच्या निम्म्यात हवं. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर ऑइलला फेस येतो.

सुटं ऑइल घेऊ नका. डबा समोर फोडायला लावा, झाकणाची कडी तुटताना बघा. आणि निघताना रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडा. मिस्तरी नाराज होईल, पण त्याच डब्यात उद्या दुसरं ऑइल भरलं जाणार नाही.