आधी मांड, मग लगाम : एका अश्वारोहण वर्गाचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका अश्वारोहण वर्गात मी तीन महिने शिकलो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे पाहत वाढल्यामुळे घोड्यावर बसणे म्हणजे लगाम ओढणे, अशी माझी समजूत होती. येथे मात्र पहिले बारा दिवस लगाम हातात दिलाच नाही. प्रशिक्षक लांब दोरीने घोड्याला वर्तुळात फिरवतात आणि स्वार रिकिबीत पाय न घालता, हात बाजूंना पसरून तोल सांभाळतो. हे अत्यंत योग्य आहे, कारण ज्याचा तोल लगामावर टेकलेला असतो तो प्रत्येक धक्क्यासरशी घोड्याचे तोंड दुखवतो.

कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत ठेवणे सोपे वाटते, परंतु गुडघे आवळून धरण्याची माझी सवय मोडायला महिना लागला. दुडक्या चालीत घोड्याचे तिरपे पाय, म्हणजे पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा, जोडीने पडतात. त्या दोन ठोक्यांपैकी एकाला उठणे आणि दुसऱ्याला बसणे ज्या दिवशी आपोआप जमले, त्या दिवशी कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलते म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने कळले.

उणिवाही आहेत. लहान मुलांच्या मापाची शिरस्त्राणे अपुरी आहेत, आणि उन्हाळ्यात रिंगणाची माती इतकी कडक होते की तेथे वाळू टाकणे तातडीने आवश्यक आहे. घोड्यांना मात्र दुपारी पूर्ण विश्रांती दिली जाते.