वाड्यातला हंडा आणि माझे २८,६६० रुपये

‘जुना वाडा पाडताना जुन्या नाण्यांचा हंडा सापडला, घरच्यांना पैशाची नड आहे म्हणून काढतोय’ असं कुणी म्हणालं की पुढचं ऐकूच नका. नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा. मी ऐकून घेतलं. व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे १२ रुपये, नगाला ६५० प्रमाणे ७,८००. शिवराया, म्हणजे महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, २५, नगाला १४०, म्हणजे ३,५००. शिवकालीन होनासाठी, म्हणजे सोन्याच्या नाण्यासाठी, १५,००० ॲडव्हान्स. वर ‘पुरातत्त्व खात्याच्या दाखल्या’चे २,३६०. एकूण २८,६६० रुपये. होन अर्थातच आला नाही.

छंद नवाच होता. आईच्या फडताळात भोकाचा पैसा आणि दोन ढब्बू पैसे सापडले, तिथून नाद लागला. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर शिरलो. तिथे रोज काळ्या मखमलीवर ठेवलेल्या नाण्यांचे फोटो यायचे, आणि खाली ‘वा, काय पीस आहे!’ म्हणणाऱ्यांची रांग. त्यातले निम्मे त्या हंडेवाल्याचेच असणार, हे आता कळतंय. तेव्हा वाटायचं, इतकी जाणकार मंडळी घेतायत तर मीच कशाला शंका काढू?

व्हिडिओत त्याने रुपयांवरून चुंबक फिरवून दाखवलं. ‘चिकटतंय का साहेब? मग चांदीच.’ तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर, काहीच चुंबकाला चिकटत नाही. शाळेतलं विज्ञान आहे हे. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे नुसती चांदीच जवळजवळ १०.७ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणाकार केला असता, तर हा माणूस ६५० ला का विकतोय हा प्रश्न तिथेच पडला असता. चांदीचा भाव न बघता चांदीचं नाणं घेऊ नका.

पण खरी चीड येते ती त्या शिवराई नाण्यांची. पार्सल आलं तसं टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळ्या मांडल्या. बायकोने चष्मा लावला, दोन नाणी शेजारी-शेजारी सरकवली आणि म्हणाली, ‘अहो, या दोन्हींना एकाच जागी चीर आहे. आणि ‘शिव’मधला ‘व’ दोन्हीकडे अर्धाच.’ यावर मी काय बोलावं? ‘अगं, एकाच टाकसाळीतल्या आहेत, सारख्याच असणार!’ वर तिला रायगडच्या टाकसाळीवर भाषणही दिलं.

शिवराई हातोड्याने ठोकून पाडायचे. तांब्याचा तुकडा ठशावर जसा बसेल तसा. कुणाचा ‘श्री’ कडेबाहेर जातो, कुणाची ‘छत्रपती’मधली ‘ती’. म्हणून दोन शिवराया तंतोतंत सारख्या निघत नाहीत, आणि चीर तर नाहीच नाही. चीरसुद्धा सारखी, म्हणजे एक खरं नाणं घेऊन त्याचा साचा केला आणि त्यात प्रती ओतल्या. कडेला कानस फिरवल्याच्या बारीक रेघाही होत्या. मी त्यांना झीज समजलो. आणि हे सगळं समोर पडलेलं असताना त्याच आठवड्यात होनाचे १५,००० पाठवले!

हसणाऱ्यांनी हसावं. महाराजांचं नाव आलं की मराठी माणसाचा हात खिशाकडे जातोच, आणि हे त्या भामट्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं की शिवराई महाराजांनंतरही, पेशवाईभर पडत राहिली आणि बाजारातल्या बहुतेक त्या नंतरच्याच. खरे होन तर इतके मोजके, की ते संग्रहालयात बघायचे. दाखल्याची पावतीही मोठी कलाकुसरीची: २,००० अधिक १८ टक्के जीएसटी. जीएसटी दिसला की आम्हा नोकरदारांचा विश्वास बसतो. यूपीआयवर नाव मात्र भलतंच होतं. ‘मेहुण्याचं खातं आहे साहेब.’ अशा मेहुण्याला एक रुपया देऊ नका.

त्याचा फोन बंद झाल्यावर सराफाकडे गेलो. त्याने एक रुपया कसावर घासला, काट्यावर टाकला. ९.४ ग्रॅम. आणखी एका नाण्यावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ आणि साल १८८५! १८७७ पासून रुपयावर ती ‘एम्प्रेस’ आहे.

मग पोलीस ठाणं. ‘नाणी मिळाली ना तुम्हाला? मग हा मालाच्या दर्जाचा वाद, ग्राहक मंचात जा.’ होन मिळाला नाही म्हटल्यावर, ‘ऑनलाइन व्यवहार, सायबरला जा.’ सायबरवाल्यांनी विचारलं, पक्कं बिल आहे का? हंड्यातल्या नाण्याचं पक्कं बिल! आणि तिथल्याच एका साहेबांनी हंडा हा शब्द पकडला. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. ‘तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही का कळवलं नाही?’ म्हणजे लुटला गेलो मी आणि जबाब देतोय मी! अहो, हंडा नव्हताच, हीच तर तक्रार आहे, हे सांगून सांगून घसा बसला. बँकेचं एकच पालुपद: पिन तुम्हीच टाकलात. एका सरकारी संग्रहालयात नाणी नकली असल्याचं लिहून मागितलं, तर ‘खासगी लोकांना आम्ही काही लिहून देत नाही’. लिहून कोण देणार, हे सांगायलाही कुणी तयार नाही. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकलेले असतात. मला तो नंबर पोलिसांकडून नाही, शेजाऱ्याच्या मुलाकडून कळला, तोही फार उशिरा.

एवढ्यात दुसराच फोन: वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं असेल तर ३ लाख देतो, आधी ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’ भरा. २०१२ सालचं ते नाणं, कसले ३ लाख! आपण असलं कमिशन घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. या वेळी शिव्या घालून फोन ठेवला.

आधी मुंबईत फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात जाऊन खरी नाणी डोळे भरून बघा. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या. नाणं हातात धरल्याशिवाय पैसे नाहीत. एकाच माणसाकडून एकदम लॉट तर मुळीच नाही.

परवा भाच्याच्या फोनवरून तो ग्रुप बघितला. चीर गेलेल्या त्याच शिवराईचा फोटो, दर आता १८०. भाच्याने खाली लिहिलं, ‘ही ओतीव आहे.’ पाच मिनिटांत त्यालाही काढून टाकलं.