ऑफिससाठी घेतलेल्या अर्गोनॉमिक खुर्च्या: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या ऑफिससाठी खुर्च्या निवडायचं काम माझ्याकडे होतं. आता त्या रोज आठ-नऊ तास वापरात आहेत आणि मी समाधानी आहे. जाळीची पाठ, फोमची बैठक, सिंक्रो टिल्ट (मागे रेलताना पाठ आणि बैठक एकत्र, पण वेगवेगळ्या प्रमाणात कलतात), हात टेकायचे वरखाली होणारे दांडे, म्हणजे खुर्चीचे हात. हेडरेस्ट मुद्दाम घेतला नाही. दुकानात सगळे आधी लंबर सपोर्टबद्दल, म्हणजे कंबरेच्या आधाराबद्दल विचारतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते बैठक पुढून मागे किती खोल आहे याबद्दल.

कारण साधं आहे. कंबर मागे टेकवून बसल्यावर गुडघ्यामागची बाजू आणि बैठकीची कड यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. बैठक त्याहून खोल असेल तर कड पोटरीला टोचते आणि माणूस आपोआप पुढे सरकतो. पाठ मागे टेकतच नाही, मग लंबर सपोर्ट कितीही भारी असला तरी काय उपयोग? आमच्या ऑफिसात पाच फुटांच्या आसपासची एक सहकारी आहे आणि सहा फुटांच्या वरचा एक जण. नमुन्याच्या प्रत्येक खुर्चीवर आधी या दोघांना बसवलं. पाठीसाठी बऱ्याच खुर्च्या चांगल्या होत्या, पण बैठक पुढेमागे सरकवायची सोय नसलेली एकही खुर्ची दोघांनाही बसली नाही. मधल्या उंचीच्या लोकांना जवळपास सगळ्याच चालल्या, म्हणून त्यांच्या मतावर निर्णय घेऊ नये.

दुसरी गोष्ट टेबलाची. आमची टेबलं 75 सेंटीमीटर उंच आणि जागची न हलणारी. कोपर टेबलाच्या पातळीला यावं म्हणून कमी उंचीच्या माणसाला खुर्ची वर घ्यावी लागते आणि पाय लोंबकळतात. मांडीखाली दाब येतो, पायाला मुंग्या येतात. यावर खुर्चीकडे उत्तर नाही, पायाखाली फूटरेस्ट लागतोच. खुर्च्यांच्या ऑर्डरमध्येच फूटरेस्टही धरा. नंतर वेगळी मंजुरी मिळवायला फार वेळ जातो.

खुर्चीच्या हातांचंही तसंच. हात पुरेसे खाली जात नसतील तर टेबलाच्या कडेला अडतात, खुर्ची आत सरकत नाही आणि माणूस कीबोर्डकडे वाकून बसतो. आमच्या खुर्चीचे हात टेबलाखाली नीट जातात. तक्रार एकच: हातांवरचे पॅड सहज फिरतात. उठताना भार दिला की वाकडे होतात, आणि खालचे स्क्रू अधूनमधून आवळावे लागतात.

सिंक्रो टिल्टमध्ये पाठ साधारण दोन अंश कलली की बैठक एक अंश कलते, त्यामुळे मागे रेलतानाही पाय जमिनीवर राहतात. साध्या टिल्टमध्ये बैठकीची पुढची कड वर उचलली जाते. पण या सोयीचा फायदा मिळायला बैठकीखालची ताणाची मूठ आपल्या वजनाप्रमाणे फिरवावी लागते. सुरुवातीला जवळपास सगळ्यांनी पाठ सरळ लॉक करून ठेवली होती. हलक्या वजनाच्या लोकांना ती मागे ढकलताच येत नव्हती. एकेकाच्या जागेवर जाऊन मूठ सैल करून दिली, कुठला लीव्हर कशाचा ते दाखवलं, आणि त्यानंतर खरा फरक पडला. दुपारनंतर कंबर धरते म्हणणारे दोघं-तिघं आता फोनवर बोलताना मागे रेलून बसतात. एकाच स्थितीत तासन्‌तास न राहणं हे पाठीला फार मोलाचं आहे.

जाळीची पाठ अजून ताठ आहे, घाम येत नाही. बैठकही जाळीचीच असलेल्या खुर्च्या पाहिल्या होत्या, पण त्यांत पुढची कडक चौकट मांडीला लागत होती. आमचा फोम किंचित मऊ झालाय, तरी दाबल्यावर खालची फळी लागत नाही.

चाकं मात्र बदलली. कडक नायलॉनची चाकं गालिच्यासाठी असतात. आमच्या फरशीवर ती घसरायची आणि आवाज करायची. मऊ पॉलियुरेथेनची लावल्यावर दोन्ही थांबलं. चाक ओढलं की निघतं, फक्त दांडीचा व्यास मोजून घ्या. बहुतेकदा तो 11 मिलीमीटर असतो.

बीआयएफएमए (फर्निचर उत्पादकांची अमेरिकी संघटना) चाचणीचा शिक्का जरूर बघा, पण तो सांगतो ते मजबुती, टिकाऊपणा आणि सुरक्षिततेबद्दल. खुर्ची तुमच्या माणसांना बसेल की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नमुना आठवडाभर स्वतःच्या टेबलाशी वापरून बघायला मागा. गॅस लिफ्ट (खुर्ची वरखाली करणारा दांडा), हात आणि चाकं सुटी मिळतील का, हेही पैसे देण्याआधी लेखी घ्या.