इंग्रजीच्या जन्माची गोष्ट सांगणारा ऑडिओ कोर्स: व्हायकिंगसाठी घ्या, नॉर्मनसाठी जरा सबुरीने

आधी निकाल सांगते मग कारणं, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. कोर्स घेण्यासारखा आहे. मधला भाग तर फारच भारी आहे, सुरुवात कंटाळवाणी आणि शेवट उरकल्यासारखा. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली कुरकुर बरीच आहे आणि तसंही या विषयावरचे कोर्स साधारण याच साच्यातले असतात, त्यामुळे दुसरा कुठला घेणार असाल तरी काय तपासायचं ते कळेल.

पॅकेजमध्ये ऑडिओ लेक्चर्स, नकाशांची पीडीएफ, ट्रान्सक्रिप्ट आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक क्विझ येतं. विषय: इंग्रजी भाषा कुणाकुणाच्या हल्ल्यांतून, राज्यांतून आणि शेजारातून घडली, रोमन लोक ब्रिटन सोडून गेले तिथपासून ते छपाई येईपर्यंत. जाहिरातीत सगळा भर तलवारी, जहाजं, जळणारे मठ यांच्यावर. पण कोर्स शिकवतो ते जवळजवळ उलटंच आहे, आणि मला तो आवडला त्याचं कारणही तेच. राजा जिंकला म्हणून भाषा आतून बदलत नाही, शेजारी राहायला आलेल्यांशी रोज बोलावं लागतं म्हणून बदलते. हे लेक्चरर कुठेही ठासून सांगत नाही पण मधले भाग ऐकले की आपोआप डोक्यात बसतं.

रोमन भाग पटकन सांगून टाकते कारण त्यांनीही तो लांबवायला नको होता. इसवी सन ४३ ते साधारण ४१० रोमन राज्य, एवढ्या शतकांनंतरही ब्रिटनमध्ये फ्रान्ससारखी लॅटिनमधून निघालेली लोकभाषा उरली नाही. उरलं काय तर मँचेस्टर, लँकेस्टर, विंचेस्टर असल्या नावांतली शेपटी, ती लष्करी तळाच्या लॅटिन शब्दातून आलीय. एवढी माहिती दहा मिनिटांत झाली असती, इथे रोमन रस्ते कसे बांधायचे यावरच अर्ध लेक्चर खर्च केलंय. बरं आहे, पण त्यासाठी मी पैसे दिले नव्हते.

मग अँगल्स, सॅक्सन्स आणि ज्यूट्स येतात, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या जर्मानिक टोळ्या, ज्यांच्या बोलीतून इंग्रजी निघाली. इथे एक गोष्ट त्यांनी छान केलीय, हे सगळं आपल्याला कुणाकडून कळतं ते आधी सांगितलंय. बीड नावाचा जॅरोचा साधू, त्याने आपला इतिहास ७३१ मध्ये पूर्ण केला, आणि या लोकांच्या येण्यासाठी सगळे ४४९ हे साल देतात, ते त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचं. शिवाय बीडच्याच म्हणण्यानुसार तिथल्या ब्रिटन लोकांच्या व्होर्टिगर्न राजाने या लोकांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावलं होतं, म्हणजे पहिलं आक्रमण निमंत्रण देऊन झालेलं! आधीच्या केल्टिक भाषांचं काय झालं यावर मात्र लेक्चरर घाई करतो. एव्हन नदीचं नाव म्हणजे मुळात नुसतं 'नदी', वेल्शमध्ये आजही आव्हॉन म्हणजे नदीच, हे उदाहरण देतो आणि पुढे सरकतो. लाखो लोक तिथे राहत होते आणि त्यांचे रोजचे शब्द इंग्रजीत इतके कमी कसे आले, हा प्रश्न एका लेक्चरचा होता.

५९७ मध्ये ऑगस्टीन हा धर्मप्रसारक आग्नेय इंग्लंडमधल्या केंटला येतो, पोप ग्रेगरीने पाठवलेला. बिशप, कँडल, आल्टर, स्कूल वगैरे शब्दांची यादी आहे ती अपेक्षितच होती. मला जास्त आवडलं ते एथेलबर्ट राजाच्या कायद्यांवरचं. धर्म लॅटिनमधून आला, लिहिणारे लॅटिन शिकलेले, तरी केंटचे कायदे लिहिले गेले ते इंग्रजीत, कुणाचा अंगठा तोडला तर किती भरपाई, कुणाचं नख तोडलं तर किती, अशी यादी. आणि ते आज आपल्याकडे आहेत ते रोचेस्टरला १२ व्या शतकात केलेल्या एकाच नकलेमुळे. एक हस्तलिखित हरवलं असतं तर संपलंच होतं सगळं.

आता मुख्य माल, व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातून जहाजांनी आलेले लोक, त्यांची भाषा नॉर्स. यासाठीच कोर्स घ्या.

७९३ चा लिंडिसफार्नच्या मठावरचा हल्ला सगळ्यांना माहीत असतो, इथेही आहे, पण लेक्चरर त्यात रमत नाही. तो थेट ८६५ च्या मोठ्या व्हायकिंग सैन्यावर येतो, यॉर्क पडतं, ८७८ ला इंग्रज राजा आल्फ्रेड एडिंग्टनला व्हायकिंग सरदार गुथ्रमला हरवतो, हे सगळं भराभर. आणि मग तो थांबतो ते ८७६ च्या नोंदीवर. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या सालवार नोंदवहीत, लिहिलंय की व्हायकिंग सरदार हाफडनने उत्तरेतल्या नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटली आणि ते नांगरायला लागले. बस्स, एवढीच नोंद. पण इथून पुढे ते लुटारू नाहीत, बांधाला बांध लागलेले शेतकरी आहेत. लग्नं होणार, उसनवारी होणार, भांडणं होणार, आणि हे सगळं कुठल्या भाषेत? तर दोघांच्याही भाषा एकाच घराण्यातल्या, शब्दांची मुळं ओळखू येतील इतक्या जवळच्या, फक्त शेपट्या वेगळ्या.

आणि शेपट्या म्हणजे काय हे ज्यांना शाळेतली इंग्रजीच माहितीय त्यांना कळणं अवघड, पण मराठी माणसाला हा भाग लगेच कळतो. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखी तीन लिंगं होती, विभक्ती होत्या. दगड म्हणजे 'स्टान', अनेक दगड 'स्टानस', दगडाचा 'स्टानेस', दगडाला 'स्टाने', दगडांना 'स्टानुम'. राजाने बिशपला मारलं की बिशपने राजाला हे शब्दांच्या क्रमावरून नाही तर 'से' आणि 'थोने' यावरून कळायचं, आपल्या ने आणि ला सारखं. बाई या अर्थाचा एक शब्द पुल्लिंगी आणि दुसरा नपुंसकलिंगी, सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. आज यातलं जवळजवळ काहीच नाही. का? कोर्सचं म्हणणं दोन पदरी आहे. एक तर जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असल्यामुळे शेवटचे स्वर आधीच पुसट व्हायला लागले होते, आणि दुसरं म्हणजे जिथे दोन जवळच्या भाषा बोलणारे एकत्र नांदत होते तिथे मुळं ठेवून शेपट्या गाळणं सगळ्यांनाच सोयीचं होतं, आणि उत्तरेत हे बदल आधी दिसतात, दक्षिणेत उशिरा. सगळं श्रेय व्हायकिंगना देऊन टाकण्याचा मोह लेक्चररने आवरलाय हे मला फार बरं वाटलं, नाहीतर या विषयावर लोक फारच सुटतात.

सर्वनामांचं लेक्चर तर मी परत ऐकलं. भाषा दुसऱ्या भाषेतून वस्तूंची नावं घेतात, पदार्थांची घेतात, पण 'ते' आणि 'त्यांना' कोण उसनं घेतं? इंग्रजीने घेतलं. दे, देम, देअर (they, them, their) हे तिन्ही नॉर्स. कारण जुन्या इंग्रजीत 'हिम' म्हणजे 'त्याला' पण आणि 'त्यांना' पण, तो, ती आणि ते हे तिघंही ऐकायला एकमेकांच्या फार जवळ आलेले. आणि हे एका रात्रीत नाही झालं, उत्तरेतून खाली झिरपत आलं, इतकं हळू की १४ व्या शतकाच्या शेवटी लंडनचा कवी चॉसर 'दे' वापरतो पण 'त्यांना'साठी अजून जुनंच 'हेम'. आज बोलताना लोक 'देम' तोडून 'एम' म्हणतात असं आपण समजतो ना, तो तोडलेला देम नाहीच, तो हाच जुना हेम, अजून जिवंत.

शब्दांची यादीही आहेच. स्काय, स्किन, लेग, नाइफ, विंडो, हजबंड, अँगर, अग्ली, टेक, आणि गंमत म्हणजे लॉ पण, म्हणजे ज्यांना लुटारू म्हणायचं त्यांच्याकडून कायदा. शर्ट आणि स्कर्ट ही एकाच शब्दाची दोन भावंडं, एक इंग्रजी घरातलं एक नॉर्स घरातलं. नकाशांची पीडीएफ इथे खरंच कामाला येते, डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी, स्कन्थॉर्प अशी बी आणि थॉर्प वाली, म्हणजे नॉर्स शेपटीची नावं ठिपक्यांनी दाखवलीत आणि ठिपके कुठे दाट होतात ते बघितलं की डेनलॉ, म्हणजे व्हायकिंगांच्या ताब्यातला इंग्लंडचा उत्तर-पूर्व भाग, नेमका कुठे होता ते समजतं.

पण या सगळ्यात माझं सर्वात आवडतं म्हणजे कर्कडेलचं घड्याळ. उत्तर यॉर्कशायरमधल्या एका छोट्या चर्चच्या भिंतीवर दगडात कोरलेलं सूर्यघड्याळ आहे, १०६६ च्या जेमतेम दहाएक वर्षं आधीचं. त्यावर लिहिलंय की गमालचा मुलगा ऑर्म याने हे सेंट ग्रेगरीचं चर्च पडकं, मोडकं असताना विकत घेतलं आणि पायापासून नवं बांधलं, एडवर्ड राजाच्या आणि टॉस्टी सरदाराच्या दिवसांत. ऑर्म आणि गमाल ही नावं पक्की नॉर्स. भाषा इंग्रजी. देव ख्रिस्ती आणि संत रोमचा, तोच पोप ग्रेगरी ज्याने ऑगस्टीनला पाठवलं होतं! पूर्वज चर्च लुटायला आलेल्यांपैकी असतील की नसतील, पण हा माणूस पडकं चर्च स्वतःच्या पैशाने उभं करतोय आणि ते इंग्रजीत कोरून ठेवतोय. लेक्चररने या एका दगडावर वीसेक मिनिटं घेतलीत आणि एक मिनिट जास्त वाटलं नाही.

एवढ्या उंचीवर नेऊन मग नॉर्मन भागात आपटतात. १०६६, हेस्टिंग्जची लढाई, इंग्लंड जिंकणारे नॉर्मन लोक स्वतःच फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंगचे वंशज, ठीक. डूम्सडे बुक, म्हणजे जमिनींची सरकारी नोंदवही, १०८६, लॅटिनमध्ये, ठीक. मग ती गाय आणि बीफची गोष्ट येते, म्हणजे गोठ्यातल्या जनावराचं नाव इंग्रजी कारण राखणारा इंग्रज, आणि ताटातल्याचं फ्रेंच कारण खाणारा नॉर्मन. ही गोष्ट लोकप्रिय झाली वॉल्टर स्कॉटच्या आयव्हॅनहो कादंबरीमुळे, ती १८१९ ची, आणि प्रत्यक्षात फ्रेंचवरून आलेला 'बीफ' नंतरची कित्येक शतकं जिवंत जनावरासाठीही वापरात होता. हे कोर्समध्ये सांगायला हवं होतं, इथे ती जशीच्या तशी इतिहास म्हणून वाढून ठेवलीय. बीडच्या बाबतीत इतका सावध असलेला माणूस इथे इतका ढिला कसा पडतो?

पीटरबरो मठाच्या क्रॉनिकलवरचा (वर आलेल्या त्याच नोंदवहीची तिथली प्रत) भाग मात्र चांगला आहे, त्यासाठी ते लेक्चर सोडू नका. १११६ ला मठाला आग लागली, मग जुना मजकूर नकलून घेतला तो रुबाबदार जुन्या पद्धतीच्या भाषेत, आणि तिथून पुढे त्यांनी स्वतः भर घातली ती ११५४ पर्यंत. त्याच वहीत पुढची पानं उलटत जाल तशा शेपट्या गळत जाताना दिसतात. आणि फ्रेंच शब्द? थोडेच! नॉर्मन येऊन जवळजवळ नव्वद वर्षं झाली तरी.

मग फ्रेंच शब्दांचा पूर आला कधी? खरा पूर १२५० नंतरचा, म्हणजे १२०४ ला जॉन राजाने नॉर्मंडी गमावली, वरच्या लोकांचा पलीकडचा संबंध तुटत गेला आणि ते स्वतः इंग्रजी बोलायला लागले तेव्हा येताना आपले शब्द घेऊन आले. ही कोर्सच्या मुख्य मुद्द्याला किती शोभणारी गोष्ट आहे बघा, जिंकताना नाही तर मिसळताना शब्द आले. आणि नेमकी हीच दीड-दोन शतकं एका लेक्चरमध्ये कोंबलीत, १२०४ चा उल्लेख एका वाक्यात. १३६२ चा कायदा, की कोर्टात बाजू इंग्रजीत मांडा कारण लोकांना फ्रेंच कळत नाही, तो येतो, पण तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता ही गंमत सांगायची राहून गेलीय. वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी या जोड्या, एक नॉर्मन फ्रेंचमधून आणि दुसरी पॅरिसच्या बाजूच्या फ्रेंचमधून, फक्त क्विझमध्ये भेटतात.

शेवटी इंग्लंडचा पहिला छापखानेवाला कॅक्स्टन याने सांगितलेला अंड्यांचा किस्सा आहे, १४९० चा, व्यापारी केंटमध्ये एका बाईकडे 'एग्ज' मागतो आणि ती म्हणते मला फ्रेंच येत नाही, हा चिडतो कारण फ्रेंच त्यालाही येत नाही, शेवटी दुसरा कुणीतरी 'आयरेन' हा जुना इंग्रजी शब्द म्हणतो तेव्हा तिला समजतं. 'एग' हा नॉर्स शब्द सहाशे वर्षांनी दक्षिणेत पोचतोय आणि अजून परकाच वाटतोय. लेक्चररने हा इतका छान सांगितलाय की मागचा राग अर्धा गेला.

तांत्रिक बाजू. आवाज स्वच्छ, जुन्या इंग्रजीचे उतारे सावकाश वाचलेत, दीडपट स्पीडवर ऐकणाऱ्यांनी निदान तेवढे तरी साध्या स्पीडवर ऐकावेत. ट्रान्सक्रिप्ट मात्र लाजिरवाणं. थॉर्न नावाचं जुनं अक्षर, ज्याचा उच्चार 'थ' किंवा 'द', म्हणजे आजचं th, ते जिथे जिथे आलंय तिथे रिकामा चौकोन दिसतो, आणि ज्या लेक्चरमध्ये सांगितलंय की जुनाट दिसायला दुकानांच्या पाट्यांवर लिहितात ते 'यी ओल्ड' (Ye Olde) म्हणजे मुळात हेच थॉर्न अक्षर वाय समजून वाचलेलं 'द' (the) आहे, त्या लेक्चरमध्ये तर पानभर चौकोनच. भाषेच्या इतिहासाचा कोर्स विकताय आणि फाँट तपासला नाहीत! क्विझ म्हणजे सालं पाठ आहेत का एवढंच.

एक काम करा, फुकट सॅम्पल म्हणून पहिलं रोमन रस्त्यांचं लेक्चर देतात त्यावरून ठरवू नका. सपोर्टला मेल टाकून कर्कडेलवालं मागा, मला दिलं होतं. आणि घेतलाच तर सुरुवात ८६५ पासून करा, मागचं नंतर ऐकलं तरी काही अडत नाही.