अडीच हजार ओहमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर: सहा महिने वापरल्यावर

अँपमध्ये दोन ६एल६जीसी व्हॉल्व्ह (आवाजाला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या) समांतर जोडले की त्यांना लागणारा लोड (ओहममध्ये मोजायचा भार) निम्मा होतो, म्हणून ५,००० ऐवजी २,५०० ओहमचा सिंगल-एंडेड (सगळे व्हॉल्व्ह एकाच बाजूला जोडायच्या रचनेचा) आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा, घेतला. चांगला जडशीळ आहे, गाभ्यात एअर गॅप (डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाने, गाभा चुंबकत्वाने भरून जाऊ नये म्हणून ठेवायची फट) नीट ठेवलाय. त्यामुळे १४० मिलिअँपिअर डीसी सतत वाहूनही डबल बासचा खर्ज काय भरीव येतो! अँप बंद करून हात लावला तर जेमतेम कोमट. कुठल्या रंगाची तार कशाची, याचा कागद मात्र सोबत नव्हता. मल्टिमीटर घेऊन शोधत बसलो, हे खटकलंच.

‘जुळवलेली जोडी’ (सारखाच प्रवाह ओढणारी) म्हणून आलेल्या व्हॉल्व्हमधला एक ७६ मिलिअँपिअर ओढत होता, दुसरा ६४. दोघांच्या कॅथोडला (प्रवाह जिथून निघतो त्या टोकाला) वेगवेगळे रेझिस्टर दिले, तेव्हा कुठे तफावत घटली. ग्रिडचे (सिग्नल येतो त्या टोकाचे) रेझिस्टरही सॉकेटच्या पिनेलाच सोल्डरने डाग द्या, लांब तार ठेवू नका.