शारजातलं पॅलेस्टिनी ऑलिव्ह ऑइलचं दुकान: तेल एक नंबर, औषधाचं मात्र जपून

भजी-वडे तळायला तेल शोधत असाल तर इथे जाऊच नका, उगाच पैसे घालवाल. पण वरून कच्चं घ्यायला, म्हणजे भाकरीवर, कोशिंबिरीवर, वाफाळत्या डाळीवर सोडायला चांगलं ऑलिव्ह ऑइल हवं असेल आणि मॉलमधल्या चकचकीत बाटल्यांवर भरवसा बसत नसेल, तर शारजात अल नहदाच्या आतल्या गल्लीतलं हे एवढंसं दुकान शोधून काढा. पाटी फक्त अरबीत आहे, दारात झातारची (सुका रानओवा, तीळ आणि आंबट सुमाकचा मसाला) पोती आणि खारवलेल्या ऑलिव्हच्या बरण्या मांडलेल्या दिसतील, आणि आत दोन गिऱ्हाइकं असली की तिसऱ्याने बाहेर उन्हात उभं राहायचं एवढीच जागा.

मालक पॅलेस्टाइनमधल्या नाबलुस शहराकडचे, वयाने माझ्या सासऱ्यांएवढे. सगळे त्यांना अम्मो म्हणजे काका म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणते. हिंदी मोडकी, इंग्लिश त्याहून मोडकी, पण तेलाचा विषय निघाला की माणूस थांबत नाही. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की विकत घ्यायच्या आधी चाखायला देतात. स्टीलच्या पिंपाला खाली तोटी आहे, त्यातून कागदी कपात घोटभर काढतात, कप तळहातात धरून जरा गरम करायला सांगतात आणि मग म्हणतात पी. पाव नाही बिस्किट नाही, नुसतं तेल. पहिल्यांदा ताज्या कापलेल्या गवतासारखा वास येतो, मग जिभेवर कडसर लागतं, आणि गिळलं की दोन-तीन सेकंदांनी घशात असा ठसका लागतो की डोळ्यात पाणी. माझ्या नवऱ्याला वाटलं तेल खराब आहे, तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला, आणि अम्मो खूश!

कारण तो ठसका हीच चांगल्या ताज्या तेलाची खूण. ओलिओकँथल नावाचा एक पदार्थ असतो त्याने घसा चुरचुरतो, आणि तो आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीसारखं काम करतो हे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. आता लगेच डोकेदुखीवर तेल प्यायला जाऊ नका, दिवसाला ५० ग्रॅम तेल खाल्लं तरी त्या गोळीच्या डोसचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. पण तेल जुनं झालं, उन्हात राहिलं की हा ठसका कमी होत जातो, त्यामुळे ओळखायला सोपं. रंगावर अजिबात जाऊ नका बरं का, हिरवंगार म्हणजे भारी असं काही नसतं. जे लोक तेल चाखायचं काम करतात त्यांना निळ्या काचेचे ग्लास देतात, रंग दिसूच नये म्हणून. आणि फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे अस्सल, हा जो व्हॉट्सॲपवरचा प्रयोग फिरतो तोही सोडून द्या, त्यावरून काही कळत नाही.

लेबलचं थोडं सांगते कारण दुकानात लोक गोंधळलेले बघितलेत. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळं नुसती दळून-घुसळून काढलेलं, कुठलंही केमिकल न लावलेलं, आणि त्यात ॲसिडिटीचा आकडा ०.८ टक्क्यांच्या आत पाहिजे (ही तेलातली ॲसिडिटी, पोटातली नाही). नुसतं प्युअर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा रिफाइंड तेल आणि त्यात थोडं व्हर्जिन मिसळलेलं. पोमेस म्हणजे तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंट लावून काढून मग रिफाइन केलेलं. भारतात स्वस्तात मिळतं, पराठे-बिराठे करायला चालतं, पण ते घेऊन आपण ऑलिव्ह ऑइल खातोय म्हणून हार्टच्या गप्पा मारू नयेत. या दुकानात पोमेस ठेवतच नाहीत, विचारलं तर अम्मोंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तोडणी तिकडे पॅलेस्टाइनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, घरातली सगळी माणसं झाडाखाली कापड अंथरून फळं उतरवतात, आणि एक लिटर तेलाला साधारण पाच किलो फळं लागतात, वाण आणि वर्षाप्रमाणे कमीजास्त. घरात वर्षाचं तेल डब्याने भरायचं, तो डबा १६ किलोच्या आसपासचा. आपल्याकडे वर्षाचा गहू-तांदूळ भरतात तसंच. म्हणून दुकानात मोठे डबेच जास्त दिसतात, पण अर्धा-एक लिटर पण भरून देतात. मला लिटरला साधारण ५० दिरहम पडलं. महाग आहे, हो. पण तोडणीचा महिना विचारला तर खरा सांगतात, आणि गेल्या वर्षीचं उरलेलं असेल तर ते वेगळं ठेवून स्वस्तात देतात. असं सांगून जुना माल विकणारा दुकानदार मला तरी इथे दुसरा भेटला नाही.

खायचं कसं, तर त्यांचं म्हणजे सकाळी खुब्ज (त्यांची रोटी), एका वाटीत तेल, एका वाटीत झातार, आधी तेलात बुडवायचं मग झातारमध्ये. परीक्षेच्या दिवशी पोरांना हमखास खाऊ घालतात, डोकं चालतं म्हणे. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर केलं आणि खरंच जबरदस्त लागतं, तीळ आणि आंबटपणा असल्यामुळे आपल्या चटणीच्याच घरातलं वाटतं. लसणाच्या लाल चटणीवर मात्र नाही जमलं, कडूपणा वर येतो, तिथे आपलं शेंगदाण्याचं कच्चं तेलच पाहिजे. पोह्याच्या फोडणीत तर चुकूनही घालू नका, मोहरी-हिंग-कढीपत्त्याशी त्या वासाचं भांडण होतं. तसं ते लोक तळतातसुद्धा यात, धूर यायच्या आधी १९० डिग्रीच्या आसपास सहज जातं, पण एवढं तेल कढईत ओतायचं म्हणजे माझा तर हातच उचलत नाही. नवीन तेल आलं की मुसाखन करतात, मोठ्या रोटीवर तेलात मऊ शिजवलेला ढीगभर कांदा, सुमाक (लाल आंबट पूड) आणि वर चिकन, रोटीतून तेल ओघळत असतं. एकदा खाच कुठेतरी.

आता औषधाचं. इथे मी दुकानाचा एक स्टार कापलाय. अम्मो आणि दुकानात बसणाऱ्या आज्जीबाई (हज्जा म्हणतात सगळे) यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर तेलच आहे. खोकला, तर कोमट तेल छातीला चोळ. पोट साफ नाही, तर रिकाम्यापोटी एक चमचा. कान दुखतो, तर तेल. बाळाला, तर डोक्यापासून पायापर्यंत तेल. ऐकायला छान वाटतं, आपल्या आज्ज्याही हेच करायच्या फक्त तेल वेगळं. पण सरसकट सगळं खरं नाही.

रिकाम्यापोटी चमचा घेऊन काहींना पोट साफ व्हायला मदत होते, घ्या बापडे, पण एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. आपलं तूप, आपलं तेल, आपली भजी तशीच ठेवून वर हा चमचा घेतला तर हार्टला काय फायदा होणार? स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये आला, मग त्यात लोकांची विभागणी नीट झाली नव्हती म्हणून मागे घेऊन २०१८ मध्ये परत छापला, आणि तेव्हाही हार्ट ॲटॅक-स्ट्रोक साधारण ३० टक्क्यांनी कमी असंच निघालं. पण ती माणसं भाज्या, कडधान्यं, मासे असलं जेवत होती आणि त्यांच्या जेवणातलं मुख्य तेलच हे होतं. वरून प्यायलेलं औषध नव्हतं ते.

कानाचं अर्धं खरं आहे. मळ घट्ट बसला असेल तर तो मऊ करायला ऑलिव्ह ऑइलचे दोन-तीन थेंब टाका असं ब्रिटनमध्ये डॉक्टर पण सांगतात, त्यासाठी केमिस्टकडे वेगळी छोटी बाटली मिळते. पण कान दुखतोय, वाहतोय किंवा पडद्याला भोक असेल तर एक थेंबही नको, सरळ डॉक्टर. पिंपातलं खायचं तेल गरम करून लहान मुलाच्या कानात घालणं तर अजिबातच नको.

आणि बाळाचं मालिश. जावेची डिलिव्हरी झाली तेव्हा सासूबाई इथेच होत्या, त्यांना ऑलिव्ह ऑइलचं भारी कौतुक. भारतात केमिस्टकडे तो छोटा डबा मिळतो, बाळंतिणीला बघायला जाणारं प्रत्येकजण तोच घेऊन जातं. हज्जांनी त्यांना अजूनच चढवलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण हाताने चोळून दाखवत अर्धा तास गप्पा! बाळाची त्वचा आधीच कोरडी, लालसर, म्हणून जावेने डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. २०१३ मध्ये इंग्लंडात एक छोटा अभ्यास झाला होता, मोठ्या माणसांच्या हाताला काही आठवडे ऑलिव्ह ऑइल लावून बघितलं तर त्वचेवरचा जो राखणारा थर असतो तो कमजोर झाला, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. त्यामुळे कोरडी त्वचा किंवा एक्झिमा असलेल्या बाळाला हे तेल नको असंच म्हणतात. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग खोबरेल आणायला सांगितलं.

घरातल्या बाकीच्या कामांना मात्र तेल मस्त चालतं, आणि हे मी जुन्या, वास उतरलेल्या तेलाने करते, नव्याने नाही. बरणीवरच्या लेबलचा चिकट गोंद तेल लावून दहा मिनिटं ठेवला की बोटाने निघतो. स्टीलच्या फ्रिजवर बोटांचे डाग पडतात त्यावर फडक्याला एक थेंब. दिवाळीत पणत्यांत पण घातलं, शांत जळतं आणि काजळी फार धरत नाही. पोळपाट-लाटण्याला लावू नका, हे तेल सुकत नाही, काही दिवसांनी खवट वास सुटतो. दाराच्या बिजागरीला पण नको, नंतर चिकट होऊन धूळ धरते.

आणि साबण! तेलापेक्षा माझ्या मैत्रिणी साबणासाठीच जास्त फेऱ्या मारतात. नाबलुसचा साबण म्हणजे ऑलिव्ह ऑइल, पाणी आणि क्षार, बास, वास काहीच नाही, पांढरट चौकोनी वडी, वर शिक्का, कागदात गुंडाळलेली. शेजारी सीरियातल्या अलेप्पोचा असतो त्यात तमालाच्या जातीच्या झाडाचं, गार म्हणतात त्याचं तेल असतं. तो बाहेरून मातकट तपकिरी, पण सुरीने कापला की आत हिरवा निघतो, कारण महिनोन्महिने हवेत वाळवतात तेव्हा वरचा थरच रंग बदलतो. दोन्ही साबण करायची कला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. फेस कमी येतो, पाण्यात ठेवला तर लगेच मऊ पडतो, म्हणून जाळीची डिश पाहिजे. अंगाला छान, केसांना माझ्या तरी नाही, धुतल्यावर दोरखंड झाले. वाळलेली वडी कपड्यांच्या कप्प्यात ठेवा, अलेप्पोवाल्याचा मंद वास येत राहतो.

तक्रारी दोन. एक, काचेच्या पारदर्शक बाटल्या शोकेसमध्ये उन्हात उभ्या आहेत, त्या घेऊ नका, पिंपातलंच भरून मागा आणि गडद बाटली किंवा डबा स्वतःचा न्या. दुसरं, कार्ड मशीन अर्धा वेळ बंद, कॅश न्या. अम्मोंना दोन-तीनदा सांगितलं बाटल्या आत ठेवा म्हणून, ते म्हणतात गिऱ्हाइकाला रंग बघायचा असतो. घ्या!

माझ्याकडून पाचपैकी चार. नवीन तेल डिसेंबरच्या सुमारास येतं तेव्हा जा, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बंद असतं. घरी आणल्यावर गॅसशेजारी ठेवू नका, उघडलं की दोन-तीन महिन्यांत संपवा. आणि इंडियाला न्यायचं असेल तर पत्र्याचा डबा सीलबंदच घ्या, झाकणाला टेप मारून दोन पिशव्यांत घालून चेक-इन बॅगेत टाका.